चौथ्या मजल्यावरची छाटणी

आबा आमच्या मजल्यावर राहायला आले आणि पुरता महिना व्हायच्या आत त्यांनी सुनेच्या हॉलमधली सगळी झाडं बोडकी करून टाकली.

एप्रिल होता. मुलगा संदीप अंबडच्या कंपनीत गेलेला, सून मनीषा तिच्या पतसंस्थेत. घरात आबा एकटे आणि हाताशी कात्री. संध्याकाळी समोरच्या दारातून मनीषाचा आवाज आला म्हणून मी गेले, तर ती खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता सोफ्याच्या काठावर बसली होती. समोर कुंड्यांची रांग. रबराचं झाड गुडघ्याएवढं उरलेलं, क्रोटनच्या नुसत्या काटक्या. आणि तिचा लाडका अरेका पाम, वास्तुशांतीला हौसेनं आणलेला, कमरेतून साफ. जुने खराटे कुंडीत खोचून ठेवावेत तसा दिसत होता. आबा खाली मांडी घालून कात्रीचं पातं पुसत होते.

"आबा, हे काय केलं तुम्ही?"

"एप्रिल लागला ना," आबा म्हणाले. "खरड छाटणी नको का करायला? वर्षभर नुसती पानं वाढवून बसलीत ही. वर्षातून एकदा बोडकं केलं नाय तर झाड माजतं."

"ही द्राक्षं नाहीत, आबा."

"झाड ते झाड."

आबांनी सगळी हयात सायखेड्याजवळच्या मळ्यात द्राक्षबाग केली होती. आमच्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये माल निघाला की वेल खरडून काढायची, मग नवी काडी येते. ऑक्टोबरमध्ये त्या काडीवरचे डोळे बघून बेतानं छाटायचं, मग घड लागतात. डोळा म्हणजे जिथून फुटवा येतो ती गाठ. नाशिक जिल्ह्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तेच वेळापत्रक टीव्हीशेजारच्या कुंड्यांना लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मनीषा मनमाडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. शेतकऱ्याच्या घरात पडून तिला बरीच वर्षं झाली होती, पण शेती अशी हॉलमध्ये चालून येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

मे उतरायला लागला आणि रबराला लालचुटुक कोंब फुटले. पूर्वी ते शेवग्याच्या शेंगेसारखं एकटंच वर गेलेलं होतं, आता चांगलं भरगच्च झालं. क्रोटनही सावरला. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून आत नेत आणि दाखवत. पाम मात्र फुटेना. पामला शेंड्याचा कोंब एकच असतो, तो कापला की खेळ खलास, असं मी मोबाइलवर वाचून त्यांना सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, आबा."

"त्यांना म्हणावं, घाई करू नका. डोळा झोपलाय."

एवढ्यावर विषय संपला. ती मेलेली खुंटं आबांनी कुंडीतून हलू दिली नाहीत. मनीषाने एकदा कुंडी खाली कचऱ्यापाशी नेऊन ठेवली, तर हे लिफ्टने जाऊन परत घेऊन आले. पुढेपुढे आमच्या मजल्यावर ती म्हणच होऊन बसली. लिफ्ट बंद पडली, डोळा झोपलाय. संदीपची बढती अडली, डोळा झोपलाय. मनीषा तेवढी ते वाक्य कधी तोंडात येऊ द्यायची नाही. पाम तिचा होता आणि तो मेला होता, आणि मारणाऱ्याने ते कबूल केलेलं नव्हतं.

आबा शहरात हौसेनं आले नव्हते. गंधकाची धुरळणी आणि औषधांची फवारणी त्यांनी जन्मभर केली, तीही फार तर तोंडाला उपरणं गुंडाळून. शेवटी छाती बिथरली. चार पावलं चाललं की धाप, पहाटेचा कोरडा खोकला. डॉक्टरांनी बागेत जायला बंदी केली, मळा थोरल्याने हाती घेतला आणि आबांना धाकट्याकडे आणून ठेवलं. 'आणून ठेवलं' हे शब्द आबांचेच. "मला इथं आणून ठेवलंय," ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही सांगत, "माळ्यावर पितळी हंडा ठेवत्यात तसा."

पण हंडा गप्प बसतो, आबा बसत नसत. उंच, काटकुळा देह, पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी, आणि उजव्या हाताची तर्जनी कायम मातीने काळी. कुणाच्या घरी गेले की नमस्कार व्हायच्या आधी ते बोट तिथल्या कुंडीत जायचं. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा डाव्या हातात प्रसादाचा द्रोण आणि उजवं बोट माझ्या जेडच्या कुंडीत, असे ते गुरुजींच्या शेजारी उभे होते. माणसांची चौकशी त्यांनी कधी तोंडावर केली नाही. ते गॅलरी बघायचे. तळमजल्यावरच्या वकिलांची तुळस वाळलेली दिसली तेव्हा "ह्यांच्या घरात बोलाचाली बंद दिसती" असं ते म्हणाले, आणि वाईट याचं वाटतं की ते खरं निघालं.

माझ्या हाताखाली झाड जगत नाही अशी माझी ख्याती होती. आबांनी पहिल्याच भेटीत निदान केलं. "मॅडम, तू प्रेमानं मारती." मला ते मॅडम म्हणत आणि तू म्हणत, शेवटपर्यंत दोन्ही. "रोज पेलाभर पाणी, रोज पेलाभर पाणी. मुळं कुजली बघ. झाडाला ताण द्यावा लागतो. छाटणीआधी आम्ही बागेचं पाणी तोडतो. वेल तहानली की शहाणी होती, खाली मुळं सोडती. जागेवर बसून रोज मिळायला लागलं तर ती कशाला हातपाय हलवल?"

मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घातलं. तेव्हा त्यांनी माझा झाडांना पाणी घालायचा मग जप्त केला. खरंच केला. मला तो समोरच्या घरातून मागून आणावा लागे, आणि मागायला गेलं की आबा आधी माझ्या घरी येऊन कुंडीत बोट घालत. माती कोरडी लागली तरच मग मिळे. पन्नाशी उलटलेल्या बाईला स्वतःच्या मगासाठी अशी परवानगी काढावी लागते याचा मला संताप यायचा. पण झाडं जगायला लागली, म्हणून मी गप्प बसले.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. मिलीबगच्या किडीवर त्यांनी तंबाखूचं पाणी मारलं आणि घरभर असा वास सुटला की मनीषा दोन दिवस गॅलरीत जेवली. निवडुंगाला दया म्हणून ताक घातलं, तो आठवड्यात आडवा झाला. चूक दाखवली की म्हणायचे, "मेला तर मेला. भिऊन तर नाय जगला." हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. मला ते कधी पटलं नाही, पण ऐकायला फार आवडायचं.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आबांचा खोकला वाढला. संदीपला सुट्टी मिळेना म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे मनीषाबरोबर मीच गाडी घेऊन गेले. बसायच्या खोलीत कोपऱ्यात छताला टेकलेलं हिरवंगार झाड होतं. आबांनी सवयीने कुंडीत बोट घातलं. आत थर्माकोल. मग पानाला नख लावलं आणि आमच्याकडे वळून बघितलं. चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही चोर सापडलाय.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी छातीचा फोटो दिव्यापुढे धरून समजावून सांगितलं की फुप्फुसं कडक झाली आहेत.

"काडी पिकली की कडक होतीच, डॉक्टर," आबा म्हणाले.

"घरात झाडं आहेत का?"

मनीषाने हो म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ओल्या मातीतली बुरशी यांच्या छातीला चालायची नाही. कुंड्या घराबाहेर काढा. मातीत हात घालणं आजपासून बंद."

आबांनी दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, "तुमच्या बाहेरच्या झाडाला बुरशी येत नसंल."

"नाही, ते आर्टिफिशियल आहे."

"तेच म्हणतो. त्याला बुरशी बी येत नाय आन् फुटवा बी येत नाय. तसंच जगायचं असलं तर मला बी त्याच्या शेजारी उभं करा. आठवड्याला फडक्यानं पुसत जा."

डॉक्टर हसले, मीही हसले. मनीषा हसली नाही. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि औषधं कधी द्यायची ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, हे मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते.

त्याच संध्याकाळी संदीपने सगळ्या कुंड्या आमच्या दोन दारांमधल्या जागेत आणून ठेवल्या. आबांनी आरडाओरडा केला नाही. सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर ते मनीषाला समोर बसवून पाठ देत होते. "माती नको म्हणला ना डॉक्टर? झाडं नको असं कुठं म्हणला? काढ माती. धू मुळं." तोंडाला मास्क, हात पाठीमागे बांधलेले, स्वतः कशालाही न शिवता. मनीषा बादलीत एकेक झाड विसळत होती आणि लोणच्याच्या बरणीत, जॅमच्या बाटलीत, मिळेल त्या काचेत पाणी भरून उभं करत होती. तिचा चेहरा रडवेला होता, पण हात भराभर चालत होते. मनीप्लांट, सिंगोनियम, रबराच्या फांद्या पाण्यात मजेत जगल्या. क्रोटन कुजला. आबांनी निकाल जाहीर केला, "निम्मी जगली. मळ्यात बी निम्मीच जगत्यात."

पण वेल बाटलीत मावत नाही.

आले त्याच वर्षी आबांनी मळ्यातल्या छाटलेल्या ढिगातली एक काडी थोरल्याकडून मागवून घेतली होती. फवारणीचा निळा ड्रम मधोमध कापून त्यात ती लावली आणि गॅलरीच्या जाळीवर सुतळीने चढवली. दारं समोरासमोर असली तरी मागे आमच्या गॅलऱ्या एकाच ओळीत, मध्ये कमरेएवढी भिंत. दुसऱ्या पावसाळ्यात वेल ती भिंत ओलांडून माझ्या बाजूला आली. आता ठरलं असं की वेल बाहेर, आबा आत आणि मध्ये काचेचं सरकतं दार कायम बंद. पामची कुंडीही बाहेर, ड्रमच्या शेजारी. मनीषा पाणी घालायची आणि आबा आतून काचेवर अंगठी वाजवून तिला हुकूम सोडायचे. काचेतून ऐकू काही यायचं नाही. ती कपाळाला आठ्या घालून त्यांच्या हातवाऱ्यांवरून कुठली फांदी, कुठलं पान ते ओळखायची.

"यंदा ऑक्टोबरला हिची पहिली छाटणी," आबा भेटेल त्याला सांगत. "ती मी करणार. घड लागो ना लागो. पहिली कात्री माझी."

गणपतीत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते ऑक्सिजनचं यंत्र घेऊन. यंत्र हॉलमध्ये घुरघुरायचं आणि तिथून निघालेली पारदर्शक नळी आबांच्या नाकाला. नळी पलंगापासून बाथरूमपर्यंत पुरायची, त्यापुढे नाही. मी भेटायला गेले तर म्हणाले, "बघ मॅडम. मला ठिबक लावलंय."

संदीपने ठरवलं की ड्रमसकट वेल गावी पाठवून द्यायची, डोळ्यांसमोर राहिली तर हे ऐकायचे नाहीत. टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं. आबा म्हणाले, "छाटणी होऊ दे. मग वेल ने, मला ने, काय न्यायचं ते ने." संदीपने टेम्पो पुढे ढकलला.

मनीषाने रजा टाकली होती. तिला मी इतकी थकलेली कधी पाहिली नव्हती. आबांनी हालचाल केली की ही उठायची. तास झाला की कोमट पाणी, मग शाल, मग पाठीला उशी, मग पेज. बाथरूमच्या दाराशी उभी राहायची. एका दुपारी मी तिथेच होते. तिने पेजेची वाटी पुढे केली, आबांनी ती घेऊन बाजूला ठेवली.

"मनीषा, बस."

ती बसली.

"ह्या मॅडमची झाडं कशानं मरायची?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हणाले, "पाणी जास्त व्हायचं."

"ऐकलं? पोरी, तुझ्यात माया लय हे. नाय म्हणत नाय. पण मला पाणी लय झालंय."

मनीषा उठून स्वयंपाकघरात गेली. आत नळ बराच वेळ वाहत होता. मग ती दारात येऊन उभी राहिली, हात पुसत.

"उद्या तुम्हाला काही झालं तर लोक मला विचारतील, आबा," ती म्हणाली. "गावचे विचारतील, हे विचारतील. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

आबांनी वाटी उचलली आणि पेज संपवली. मला दोघांचंही बरोबर वाटत होतं आणि दोघांचाही राग येत होता, म्हणून मी घरी निघून आले.

आबांना मी शेवटचं पाहिलं ते दसऱ्यानंतरच्या एका सकाळी. संदीपची पहिली पाळी होती, तो पहाटेच गेलेला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि शेजारून आवाज आला. कट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कट्.

काचेचं दार हातभर सरकलेलं होतं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर आबा. तोंडावर उपरणं, डोक्यावर टोपी, हातात कात्री. एक काडी कापायची, कात्री मांडीवर टेकायची, खांदे वरखाली करत श्वास गोळा करायचा, मग पुढची काडी बोटांनी चाचपायची. नाकाची नळी दाराच्या फटीतून आत गेली होती. कालपर्यंत बाथरूमपलीकडे न पुरणारी नळी आज गॅलरीपर्यंत आली होती. मध्ये एक नवाकोरा तुकडा जोडलेला दिसत होता. आणि मनीषा त्यांच्या मागे उभी होती, खुर्चीच्या पायाखाली नळी दबू नये म्हणून ती दोन्ही हातांत उंच धरून. माझी नजर तिच्या नजरेला भिडली. तिने हनुवटी वर केली, जशी काही मीच तिला विचारायला आलेले लोक होते. मी कपडे वाळत घालत राहिले.

"हितं बघ," आबा तिला दाखवत होते. "दोन डोळे सोडायचे. दुसऱ्याच्या वर... कापायचं." वाक्य मध्येच तोडून त्यांना थांबावं लागत होतं.

पावसाळाभर जपलेली सगळी हिरवळ पानापानाने खालच्या पार्किंगमध्ये गेली. माझ्या बाजूला आलेली फांदीही त्यांनी वाकून ओढून घेतली आणि छाटली. खालून वॉचमन ओरडला, "कोण कचरा टाकून राहिलं वरून?"

आबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मनीषाने जाळीतून खाली बघितलं. जिन्यातही हळू बोलणारी बाई ती.

"कचरा नाही!" ती ओरडली. "छाटणी चालू आहे. गोळा करून ठेवा."

शेवटची काडी कापून झाली तेव्हा जाळीवर काही उरलं नव्हतं, नुसत्या तपकिरी काठ्या आणि सुतळीच्या गाठी. ऊन थेट आत हॉलमध्ये पडायला लागलं. आबा खुर्चीत मागे रेलले. बराच वेळ डोळे मिटून नळीतून श्वास ओढत राहिले. मग त्यांची नजर ड्रमशेजारच्या कुंडीवर गेली. पामची खुंटं आता पांढरी पडली होती.

"मनीषा," ते म्हणाले, "तो पाम काढून टाक आता. मेलाय तो. केव्हाच मेलाय. माझी चूक झाली."

मनीषा नळी हातावर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"राहू द्या, आबा," ती म्हणाली. "डोळा झोपलाय."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उपरण्याच्या टोकाने कात्रीचं पातं पुसलं, कात्री मिटली आणि तिच्या हातात दिली.